शेवाळाची भूक

“खायला कोण घालतं?”

दाऊदचाचांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं, आणि डॉक्टर मगदुमांचा संयम संपला.

पहाटे मिरज सोडून, आंबा घाट उतरून, वाटेत दोनदा रस्ता चुकून ते या खाडीकाठच्या घरी पोचले होते. उलटतपासणी करून घ्यायला ते आले नव्हते. खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं शेवाळ घालवायचं कसं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यावर माहीतगार माणसानं चार वाक्यांत उत्तर द्यावं आणि आपण परत निघावं, असा त्यांचा हिशेब होता.

“मी घालतो,” ते म्हणाले. “दिवसातून एकदा. सकाळी. चिमूटभर. हे मी दोनदा सांगितलंय.”

चाचांनी मान हलवली आणि ते समोरच्या टाकीच्या काचेकडे बघत राहिले…

डॉक्टर धैर्यशील मगदूम म्हणजे हाडांचे नावाजलेले सर्जन. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस लंगडत नाही, असं मिरजेकडं लोक म्हणत, आणि खुद्द डॉक्टरांनाही ते पटलेलं होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये सहा फुटांची टाकी बसवली. आत खडक रचले, खडकांवर टाकीतच वाढवलेली प्रवाळं लावली, केशरी-पांढऱ्या क्लाउन माशांची जोडी सोडली. पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेली माणसं ठणका विसरून त्या टाकीकडे बघत बसायची. दूरदूरचे डॉक्टर येऊन फोटो काढून न्यायचे.

गेल्या दिवाळीनंतर त्या टाकीत शेवाळ धरलं.

आधी खडकांवर नुसती हिरवट झाक आली. मग बारीक दोरे फुटले. शिमग्यापर्यंत सगळे खडक केसाळ झाले, आणि ते हिरवे केस प्रवाळांवर चढून त्यांचा श्वास कोंडायला लागले. जांभळ्या रंगाचं एक प्रवाळ, डॉक्टरांनी बोटाएवढं आणून तळहाताएवढं केलेलं, ते पांढरं पडलं आणि आठ दिवसांत झडून गेलं.

यावर आपण काय काय केलं, ते डॉक्टरांनी चाचांना आल्या आल्या सांगितलं होतं. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला होता. खडक एकेक करून बाहेर काढले, हाडं खरवडायच्या हत्यारानं स्वतः खरवडले. तीन दिवस काळं कापड टाकून टाकी अंधारात ठेवली. दिवे बदलले. पाणी गाळायचं यंत्र नवं आणलं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या. शेवटी परदेशी औषध घातलं, त्यानं शेवाळ चार दिवस पिवळं पडलं आणि गोगलगायी मात्र कायमच्या मेल्या. पाचव्या दिवशी शेवाळ पुन्हा हिरवंगार.

हा अन्याय होता. डॉक्टरांना दुसरा शब्द सुचत नव्हता. ज्यानं सगळं शास्त्रशुद्ध केलं त्याच्याच टाकीत हे यावं, आणि तालुक्याच्या गावी कुणीतरी नळाचं पाणी ओतून मासे पाळतो त्याची काच चकचकीत असावी…

चाचांनी ते सगळं ऐकून घेतलं होतं, आणि विचारलं होतं, खायला कोण घालतं?

चाचा कुणी फकीर नव्हते, पीर नव्हते. एका मत्स्यकेंद्रात एकतीस वर्षं त्यांनी समुद्राचं पाणी भरायचं काम केलं होतं. निवृत्त होताना तिथली टाकाऊ झालेली एक टाकी त्यांनी मागून घेतली आणि घरच्या पडवीत आणून ठेवली. केंद्रात शिकून मोठे झालेले लोक अजून त्यांच्याकडे येत, आणि बहुतेक जण येताना हसत येत, जाताना चिडून जात. डॉक्टरांना ज्यांनी इथं पाठवलं त्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी हेही सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

आता पडवीत त्या टाकीसमोर दोन खुर्च्या होत्या. टाकीत मोजके खडक, तीन-चार मासे आणि लाटेबरोबर डुलणारं एक गुलाबी समुद्रफूल. पाणी असं की आत पाणी आहे हे बुडबुडा उठल्यावरच कळावं. शेवाळाचा एक दोरासुद्धा नाही. डॉक्टर काचेला नाक लावून शोधून बसले होते.

त्यांनी पिशवीतून वही काढून चाचांच्या पुढं धरली. पाच महिन्यांच्या रोजच्या चाचण्या त्यात लिहिल्या होत्या. पाण्यातली घाण मोजणारे आकडे. प्रत्येक पानावर शून्य, शून्य, शून्य.

“वाचा,” ते म्हणाले. “पाणी स्वच्छ आहे. शेवाळाला खायला त्यात काही नाही. तरी ते वाढतंय. आता बोला.”

चाचांनी चष्मा लावून पानं उलटली. सावकाश, एकेक करून.

“पाणी स्वच्छ का आहे?” त्यांनी विचारलं.

“मी ठेवलंय म्हणून.”

“नाही,” चाचा म्हणाले. “शेवाळानं खाल्लंय म्हणून.”

हे डॉक्टरांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं, आणि ते पाणी भरणाऱ्या माणसाच्या डोक्यात यावं याचा त्यांना राग आला. मग घाण येते कुठून, असं त्यांनी विचारलं. विचारतानाच त्यांना आठवलं की याचं उत्तर आपल्याकडे आहे, आणि ते ताठ बसले.

त्यांनी गुन्हेगार शोधून काढला होता.

हॉस्पिटलात हौसाबाई लोंढे नावाची बाई झाडू-फरशीचं काम करायची. एकोणीस वर्षं. रोज सकाळी हॉल पुसून झाला की ती टाकीपुढं उभी राहायची, ओला फडका हातात तसाच धरून. सुरुवातीच्या काळात एकदा तिनं भाकरीचा चुरा टाकला होता. मासे उपाशी दिसले म्हणून. तेव्हा डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. पण शेवाळ वाढायला लागल्यावर त्यांना तो चुरा आठवला. त्यांनी तिला हॉलमध्ये बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं. ती नाही म्हणाली. खोटं बोलते म्हणून त्यांना अधिक संताप आला. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी तिला कामावरून काढून टाकलं.

“आता खाण्याची डबी माझ्या खिशात असते,” डॉक्टर म्हणाले. “दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही.”

“ती बाई गेल्यावर शेवाळ कमी झालं?”

“नाही. म्हणून तर इतक्या लांब आलो.”



खाडीत ओहोटी लागली होती. मासेमारीचा एक मचवा पाणी हटेल तसा चिखलावर कलंडत चालला होता. चाचा उठले, चहाचं बघतो म्हणून आत गेले.

डॉक्टर एकटे उरले. इतका वेळ ते टाकीच फक्त बघत होते, आता त्यांना टाकीला जोडलेली नळी दिसली. ती भिंतीला पाडलेल्या भोकातून मागं जात होती. माणसानं आपलं गुपित लपवलंय तर, असं त्यांच्या मनात आलं. ते उठले आणि नळीच्या मागोमाग घराला वळसा घालून परसात गेले.

परसात अर्धं कापलेलं निळं पिंप होतं. वर छपराला पत्र्याच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचा कागद, त्यातून ऊन थेट आत पडत होतं. पिंप शेवाळानं शिगोशीग भरलेलं होतं. हिरव्या दोऱ्यांचा दाट, चकाकता, फुगलेला गुंता. टाकीतलं पाणी नळीनं त्यात येत होतं, त्या गुंत्यातून झिरपत होतं आणि दुसऱ्या नळीनं परत टाकीत जात होतं.

डॉक्टरांनी हात घालून मूठभर वर काढलं. मिरजेच्या त्यांच्या टाकीत होतं तेच शेवाळ, थोडं जाड एवढंच.

ते पडवीत परतले तेव्हा त्यांच्या मनगटावरून पाणी टपकत होतं. हात त्यांनी रुमालाला पुसला, पण राग पुसण्यासारखा नव्हता. चाचा चहाचे पेले घेऊन बाहेर आले होते. डॉक्टर बसले नाहीत. टाकीशेजारी उभे राहून बोलत सुटले.

हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. लोक तुम्हाला शेवाळाचा वैद्य समजून दोनदोनशे किलोमीटर गाडी हाकत येतात आणि तुम्ही घरामागं पिंपभर शेवाळ पोसता. ऊन दाखवून, पाणी फिरवून. रोग्याच्या खोलीमागं रोगाची बाग लावल्यासारखं झालं हे. मी माझ्या हॉस्पिटलात असं केलं असतं तर माझी सनद काढून घेतली असती. पाच महिने मी त्या हिरव्या घाणीशी झगडतोय. झोप नाही. माझी प्रवाळं गेली, गोगलगायी मेल्या, एकोणीस वर्षं कामाला असलेली बाई काढावी लागली…

ते बोलत होते आणि चाचा चहा पीत होते. डॉक्टरांच्या लक्षात आलं की म्हातारा आपल्या तोंडाकडे बघतच नाही. खाली कुठंतरी बघतोय. आपण काय सांगतोय आणि याचं लक्ष कुठं आहे, या विचारानं ते आणखी भडकले. चहा निवत चालला होता. टाकीतले मासेसुद्धा एव्हाना सगळे त्यांच्या बाजूला येऊन काचेशी झोंबत होते.

“का पोसता ते सांगा,” ते शेवटी म्हणाले. “एवढं एक सांगा, मी जातो.”

“त्याला भूक असते,” चाचा म्हणाले. “इथं जेवलं की तिथं येत नाही.”

“आणि त्याला जेवायला येतं कुठून?”

चाचांनी पेला खाली ठेवला. उठून डॉक्टरांपाशी आले. त्यांच्या उजव्या हाताचं मनगट धरलं, जसं नाडी बघायला धरतात, आणि हात उताणा केला.

अंगठ्याला आणि दोन बोटांना तांबूस भुकटी लागली होती.

टाकीच्या कडेवर पत्र्याची एक गोल डबी होती. चाचा उन्हात वाळवलेला जवळा कुटून त्यात ठेवत, माशांसाठी. डबीचं झाकण बाजूला पडलेलं होतं. डबी निम्मी झाली होती.

डॉक्टरांनी बोटं नाकाशी नेली. जवळ्याचा वास आला.

“हे मी नाही…” ते म्हणाले, आणि थांबले.

पाण्यात अजून भुकटी तरंगत होती. मासे आता ती खातही नव्हते. कण हलके हलके फिरत खडकांच्या फटीत उतरत होते.

“तुम्ही बघत होता,” डॉक्टर म्हणाले. आवाज खाली आला होता पण धार तशीच होती. “सगळा वेळ बघत होता. थांबवलं का नाही?”

“कोण घालतं ते तीनदा विचारलं,” चाचा म्हणाले. “तिसऱ्यांदा तुम्ही चिडलात.”

डॉक्टर खुर्चीवर बसले.

ऑपरेशनच्या खोलीचं दार हॉलमध्ये उघडतं आणि दाराशेजारीच टाकी आहे. टोपी काढून, मास्क खाली ओढून ते बाहेर येतात तेव्हा नातेवाईक समोर उभे असतात. कुणाचा मुलगा, कुणाची आई. त्यांच्याशी बोलण्याआधी डॉक्टरांना एक मिनिट लागतं. ते मिनिट ते टाकीपाशी काढतात. माशांकडे बघत, पाठ लोकांकडे करून. डबी आधी टाकीवर असायची, आता खिशात असते. आणि हात…

एका ऑपरेशनला एक चिमूट. सोमवारी सहा, मंगळवारी नऊ. दिवाळीनंतर नवा विभाग सुरू झाला, तेव्हापासून कधी बारा.

सकाळची चिमूट तेवढी त्यांच्या हिशेबात होती. ती ते घालत होते. बाकीच्या सगळ्या आपोआप पडत होत्या.

कुणालाच दिसलं नाही का, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या क्षणी त्यांना तो हॉलमधला प्रसंग आठवला, पुरता. खुर्च्यांवर बसलेले रोगी. हातात फडका धरून उभी असलेली बाई. ती रडली नव्हती. पाया पडली नव्हती. एवढंच म्हणाली होती, साहेब, मी नाही टाकत, तुम्हीच…

तिला पुढं बोलू दिलं नव्हतं. पुढं काही असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. बाई आपल्याला दोष देते म्हणजे उद्धट झाली, एवढाच अर्थ त्यांनी काढला होता आणि पाठ फिरवली होती.

एकोणीस वर्षं ती त्या हॉलमध्ये होती. आठ वर्षं टाकीपुढं. आपण बाहेर येऊन पाठ फिरवतो तेव्हा आपला हात काय करतो, हे सगळ्या मिरजेत फक्त तिनं बघितलं होतं.

डॉक्टरांनी हे सगळं चाचांना सांगितलं. सरळ सांगता आलं नाही, तुटक तुटक सांगितलं. संताप अजून अंगात होता, त्याला आता जायला वाट नव्हती.

“नाव काय म्हणालात त्यांचं?” एवढंच चाचांनी विचारलं.

“हौसाबाई,” डॉक्टर म्हणाले. मग थोड्या वेळानं, “हौसामावशी म्हणतात सगळे.”

चाचा परसात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात जाड प्लास्टिकची पिशवी होती. अर्धी खाऱ्या पाण्यानं आणि अर्धी त्या हिरव्या गुंत्यानं भरलेली.

“हे काय?”

“शेवाळ.”

“मी शेवाळ घालवायला आलो होतो.”

“म्हणून तर देतोय,” चाचा म्हणाले. “घेऊन जा.”

आणि मग काय करायचं ते त्यांनी सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. टाकीच्या खाली किंवा मागं एक पिंप बसवायचं. पाणी त्यातून फिरवायचं. त्याच्यावर उजेड भरपूर ठेवायचा, टाकीवरचा थोडा कमी करायचा. हे शेवाळ त्यात सोडून द्यायचं. माशांना एकदाच घालायचं, ते संपवतील तेवढं. तरी टाकीत अन्न उरणारच, आणि उरलेलं कुणीतरी खाणारच. खाणाऱ्याला आपण बसवू तिथं बसवायचं. ते वाढलं की दर आठ दिवसांनी मूठभर उपटून बाहेर टाकायचं. खडकांवरचं लगेच जाणार नाही. ते उपाशी पडायला दोन-तीन महिने लागतील. तोवर औषध नाही, हत्यार नाही. हातानं काढता येईल तेवढं काढायचं आणि वाट बघायची.

डॉक्टर ऐकत होते. वही उघडी होती, पण त्यांनी लिहून घेतलं नाही.

तीन महिने, हा आकडा त्यांना खुपला. मोडलेलं हाडसुद्धा त्याच्या निम्म्या वेळात जुळतं. हे ते बोलून दाखवणार होते, पण त्यांनी ते गिळलं. त्यांची नजर पुन्हा आपल्या बोटांकडे गेली. भुकटी अजून तिथंच होती. त्यांनी बोटं पुसली नाहीत.

“मी दिवसभर ऑपरेशनमध्ये असतो,” ते म्हणाले. “हे पिंप कोण बघणार? आठ-आठ दिवसांनी मूठ कोण काढणार? आणि माझा हात… तो पुन्हा गेला तर मला सांगणार कोण?”

चाचा पिशवीचं तोंड सुतळीनं बांधत होते. दोन वेढे घेतले, तिसरा घेतला, गाठ मारली, ओढून बघितली.

“एक बाई सांगत होत्या,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी मान खाली घातली.

खाडीतला मचवा आता पुरता कलंडला होता. त्याच्या भोवती पाण्याचा एक ओघळसुद्धा उरला नव्हता. त्या चिखलातून दोन बायका डोक्यावर टोपल्या घेऊन शिंपल्या वेचायला निघाल्या होत्या. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले.

ते उठले तेव्हा चाचाही उठले, गाडीपर्यंत आले. डॉक्टरांनी दार उघडलं, पण बसले नाहीत. एक पाय आत, एक पाय बाहेर, तसेच थांबले. घाट चढून गेल्यावर आधी हॉस्पिटलात जायचं की त्याच्या मागच्या वस्तीत जायचं, जिथलं हौसाबाईंचं घर त्यांनी एकोणीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नव्हतं, हे त्यांचं ठरलेलं होतं. ठरलेलं असूनही त्यांचा चेहरा अजून चिडलेलाच होता. इतका वेळ ते शेवाळावर चिडले होते, म्हाताऱ्यावर चिडले होते. आता चिडायला समोर कुणी उरलं नव्हतं.

“चाचा,” ते म्हणाले, “मावशी परत येतील?”

चाचांनी ती हिरवी पिशवी त्यांच्या दोन्ही हातांत दिली, पडू नये म्हणून त्यांची बोटं तिच्याभोवती नीट मिटवली.

“मला शेवाळातलंच कळतं, डॉक्टर.”